ट कुणी खाल्ला

—नको नको, तुम्ही उठू नका काका, मीच उतरवते, जड नाही, पत्राच आहे नुसता, कडेला गंजलाय तेवढा. हं. असा भिंतीला टेकवते, ओल्या नंबरप्लेटा सोडून. ऑटोवाला म्हणत होता, ताई, एवढा बोर्ड ऑटोत बसत नाही — म्हटलं बोर्ड बसू दे, मी लटकते. फादरच्या शाळेपासून स्टेशन रोडनं तशीच आले, निम्मा बोर्ड बाहेर, निम्मी मी बाहेर, अख्खी उमरी बघून राहिली. चांगलंच झालं म्हणा, रविवारच्या कार्यक्रमाची जाहिरात झाली. पाणी घेऊ का थोडं? घेते, माठ दिसला मला. आणि असं कपाळाला आठ्या घालून बघू नका, मी मत मागायला आले नाही. तुम्ही बोलूही नका, तोंडात ब्रश आहे तुमच्या, पडेल. मी बोलते, तुम्ही रंगवत राहा. दहा मिनिटं. बरं, पंधरा.

ओळखलं नाही ना मला? मी समीक्षा. नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आनंदराज आहेत ना, त्यांची मुलगी. पोस्टमन नरसिंगची नात — हाव, तेच, तुमच्या संघाच्या सभेची पत्रं सायकलवरून वाटायचे, आणि स्वतः सातवीत नापास म्हणून तुमच्या सभेला चहालाही थांबायचे. मी चौथीपर्यंत फादरच्या शाळेत होते. मग सिस्टरनी कसली तरी परीक्षा द्यायला लावली आणि पाचवीला मला एकदम उटीला पाठवलं. उमरीची पोरगी उटीला, विचार करा, पहिले सहा महिने मी स्वेटर घालून रडत होते. उटीहून दिल्ली. तेरा वर्षं बाहेर. आता परत आले, कायमची. लोक विचारतात, कशाला आलीस — मी म्हणते, गावासाठी. हसतात लोक. पण खरंच काका, गावासाठीच, मला मनापासून वाटतं की आपल्याकडं सगळं आहे, माणसं आहेत, डोकं आहे, फक्त कुणी एका सतरंजीवर बसत नाही. माझ्या भाषणाकडं लक्ष देऊ नका, मी सकाळपासून सगळ्यांना हेच ऐकवून राहिले.

तर मुद्दा. शाळेला साठ वर्षं झाली, रविवारी हीरक महोत्सव. आत्ताचे फादर म्हणाले, समीक्षा, तू इतिहास शिकलीस ना, शाळेची एक छोटी पुस्तिका लिही. मी म्हटलं लिहिते, पण आधी माजी विद्यार्थ्यांचं प्रकरण, कारण शाळा म्हणजे काय, भिंती थोड्याच, शाळा म्हणजे सुटून गेलेली माणसं. फादर म्हणाले, लिही, दोन पानं होतील. दोन पानं! दोन महिने झाले, काका, मी त्यात बुडालेय ती अजून वर आले नाही. तुम्हाला तरी माहीत होतं का, की आपल्या एवढ्याशा उमरीत शाळा एक आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ चार? तुमचा एक तर आहेच — नापास विद्यार्थी संघ, अध्यक्ष बजरंग पेंटर, सेहेचाळीस वर्षं बिनविरोध. आणि मी इथं आले ते तुमच्याचसाठी. रविवारी सगळे संघ मोडून एकच करायचा आहे. एक संघ, एक मांडव. डॉक्टर पंचाक्षरी, पासवाल्यांचे अध्यक्ष, ते हो म्हणाले — म्हणजे ‘बघू’ म्हणाले, पण हसत म्हणाले. तुमच्याकडच्या साखराबाईंकडं गेले तर त्या ज्वारी निवडता निवडता एवढंच बोलल्या, “बजरंग शाळंच्या फाटकाच्या आत गेला तर आमी समदे. न्हाई तर कुत्रं बी येनार न्हाई.” म्हणजे सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही एकोणपन्नास वर्षं त्या फाटकाच्या आत पाय ठेवला नाही, हेही सांगितलं त्यांनी. का ठेवला नाही, तर म्हणाल्या, फादरनंच बोर्ड लावला की, आमाला नगं म्हनून.

आणि तो बोर्ड हा.

वाचा ना. मी वाचते, तुम्ही ब्रश धरा. ‘पास प्युपिल्स असोसिएशन. संत इसिदोर हायस्कूल, उमरी. स्थापना १९७६.’ अक्षर बघा काय सुंदर आहे, ‘स’ची शेपटी बघा, आजकाल समोरच्या फ्लेक्सवाल्याकडं अशी शेपटी मिळेल का — तो तुमचाच पुतण्या ना? सॉरी. पण खरं ते खरं. तर हा बोर्ड फादर रेबेलोंनी लावला. फादर रेबेलो, मंगळूरकडचे, पांढरा झगा, रॉयल एनफील्ड. त्यांना वाटलं, शाळेतून मुलं बाहेर पडली की आपल्याला विसरतात, तर त्यांचं एक मंडळ काढावं, वर्षातून एकदा सगळ्यांनी यावं, जेवावं, गाणी म्हणावीत. झालं. बोर्ड लागला. आणि उमरीनं बोर्ड वाचला. ‘पास’ प्युपिल्स. म्हणजे जे पास झाले ते आत, बाकीच्यांनी रस्त्यावरून टाटा करायचा. त्या वर्षी दहावीला शंभरातले किती पास झाले होते, सांगू? अठ्ठावीस. बहात्तर पोरं त्या बोर्डाखालून मान खाली घालून गेली.

आता पुढं ऐका, पुढं लई मजा आहे. पासवाल्यांचं जमलं. जेवणं झाली, गाणी झाली. मग त्यातली काही पुढं लातूरला शिकायला गेली, तिकडचं वारं लागलं, लातूरला काय, सकाळी उठल्यावर लोक नाव विचारायच्या आधी टक्के विचारतात — तर त्यांना वाटायला लागलं की पास पास म्हणजे तरी काय, पस्तीसवाला पण पास आणि आपण पण पास? म्हणून चौऱ्याण्णव साली त्यांनी वेगळी चूल मांडली. प्रथम श्रेणी मंडळ, मुख्य कार्यालय लातूर. सभेला येताना गुणपत्रिकेची झेरॉक्स आणायची. मग दोन हजार तीनला त्यातून मेरिटवाले फुटले. गुणवंत परिषद. सभासद किती असतील? दोन. आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. देवाशपथ. मी दोघांना भेटले. एक म्हणाला, त्याला संस्कृतनं वर काढलं. दुसरा म्हणाला, त्याला चित्रकलेचे वाढीव मिळाले. परिषदेची शेवटची सभा दोन हजार नऊला झाली, इतिवृत्तात लिहिलंय, ‘गणसंख्येअभावी तहकूब’. दोघांत गणसंख्या नाही! मी तिथंच जमिनीवर बसून हसले, दुसऱ्याच्या बायकोनं मला लिंबू सरबत दिलं.

आणि इकडं तुम्ही. एकोणऐंशी साली, स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर, नऊ जण. मला तुमचा संघ सगळ्यात आवडतो, मी कुणाला सांगितलं नाही, पुस्तिकेत निःपक्षपाती राहायचं असतं — पण आवडतो. सगळे संघ बारीक बारीक चाळण लावून लहान होत गेले आणि तुमचा फुगत गेला. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणारे म्हणून गाव ‘ऑक्टोबरवाले’ म्हणायचं, तुम्ही तेच नाव लावून क्रिकेटची टीम काढली. साखराबाईंचं प्रकरण तर मी तीनदा ऐकलंय, तीन जणांकडून, तिघांचंही वेगळं. सात वेळा बसल्या, दोन हजार एकला, अडतीस वर्षांच्या असताना, पास झाल्या. आणि पेढे वाटायच्या ऐवजी घाबरल्या, की आता संघातून काढतात. कापसाच्या जिनिंगच्या आवारात तीन तास चर्चा. कुणी म्हणे नियम म्हणजे नियम. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, आधी नापास झाली होती ना, मग झालं तर. सभा संपली. काका, दिल्लीत मी मोठमोठ्या प्राध्यापकांची मोठमोठी भाषणं ऐकलीत समानतेवर, पण असा निकाल नाही ऐकला.

आणि निकालाचा दिवस. ते मी लिहिलंय, पण लिहिताना नीट उतरलं नाही. साखराबाईंचा भाऊ भागवत. अठ्ठ्याहत्तर साली पुन्हा नापासाचा निकाल हातात घेऊन तो घरी गेला नाही, रुळाकडं गेला. तुमच्या बाकावरचा होता ना? तेव्हापासून दर वर्षी, निकाल लागला की तुमची माणसं फाटकासमोर पानटपरीपाशी उभी असतात. आत नाही जात, बाहेरच. ज्याचा चेहरा पडलेला दिसेल त्याला सायकलवर घ्यायचं, आधी भजी, मग घरी, आणि दारात बापाला सांगायचं, काका, आम्ही पण नापास आहोत, बघा जिवंत आहोत. सेहेचाळीस वर्षं. त्यानंतर या गावातलं एकही पोर रुळाकडं गेलं नाही. पासवाल्यांच्या पुस्तकात काय आहे माहितीये? नांदेडच्या हॉटेलातले फोटो. सूप पितानाचे.

असो. आता मूळ गंमत, ज्यासाठी मी हा पत्रा वाहून आणला. परवा मी फादरांच्या ऑफिसात कपाट झाडून राहिले होते आणि मला रेबेलो फादरांचं रजिस्टर सापडलं. इंग्रजीत, बारीक, तिरपं अक्षर. पहिल्या पानावर काय? ‘पास्ट प्युपिल्स असोसिएशन.’ पास्ट, काका! प, आ, स, आणि ट! पास्ट म्हणजे पूर्वीचे. माजी. नुसते माजी. पास झालेले असोत, नापास झालेले असोत, सहावीत शाळा सोडून म्हशीमागं गेलेले असोत, सगळे. फादरांना सगळेच हवे होते. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘या शाळेच्या दारातून एकदा जो आत आला तो.’ बस, एवढीच अट. आणि उमरीनं एक ट खाल्ला आणि त्यावर चार संघ काढले!

मी किंचाळलेच. आत्ताचे फादर पळत आले, त्यांना वाटलं विंचू. मी म्हटलं फादर, विंचू नाही, ट. ते बिचारे तमिळनाडूचे, त्यांना काहीच कळेना. मग मी विचार केला, एवढी वर्षं कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? तर फादर रेबेलोंना देवनागरी धड वाचता येत नव्हतं, बोलायचे फक्त. बोर्ड छान दिसतोय म्हणाले असतील. ज्यांना इंग्रजी येत होतं ते पास झालेले होते, त्यांना चूक सोयीची होती. डॉक्टर पंचाक्षरींना विचारलं तर ते दात कोरत म्हणाले, हां, तसं काहीतरी होतं खरं, आमच्यात कुणीतरी बोललं होतं एकदा, पण मग म्हटलं आता कशाला बदलायचं. दात कोरत! स्वतः दातांचे डॉक्टर. आणि ज्यांना चूक लागली, त्यांना वाटलं, फादरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. बोला आता. आणि कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे सगळं, तर त्या पेंटरच्या. कोण गाढव होता देव जाणे. मी कल्पनाच करून राहिले — तोंडात पान, डोक्यात भलतंच काही, फादर सांगतायत आणि हा गडी मान डोलावतोय, अक्षराला शेपटी काढायला वेळ आहे पण ट लिहायला — काय झालं? तुम्ही कशाला उठलात? टर्पेन्टाइनचं फडकं कशाला — अहो पुसू नका, जुना आहे, रंग निघेल — कोपरा? कोपऱ्यात काही नाही, चुना उडालाय तिथं, मी बघितलं होतं —

बजरंग आर्ट्स. १९७६.

…

मी गाढव म्हणाले का? मी — म्हणाले. दोनदा? एकदाच, बहुतेक. काका, माफ करा. मी बसू का? या डब्यावर बसते. रंग लागला तर लागू दे.

तुम्ही सोळा वर्षांचे असाल. बरोबर ना, दहावीचा निकाल जूनमध्ये, बोर्ड ऑगस्टमध्ये. म्हणजे तुम्ही — नुकतेच. इंग्रजीत? अकरा. शंभरातले अकरा. आणि फादर म्हणाले असतील, बजरंग, तुझं अक्षर चांगलं आहे, तू रंगव. पहिलं काम तुमचं. तोंडी सांगितलं ना त्यांनी? मला वाटलंच. ते असं बोलायचे असणार — पास्ट प्युपिल्स — बघा, माझ्याच तोंडात तो ट कुठं राहतोय, पुढं लगेच प येतो, गिळलाच जातो तो, कुणीही गिळेल. पास प्युपिल्स. आणि तुम्ही ऐकलं तसं लिहिलं. आणि लिहून झाल्यावर शिडीवरून खाली उतरून वाचलं. स्वतःच्या हातचं.

मग तुम्हाला काय वाटलं असेल, की फादरांनी मुद्दाम तुमच्याचकडून लिहून घेतलं. की तुला जागा नाही. आणि एवढी सुबक शेपटी काढून तुम्ही ते स्वतःच टांगलंत फाटकावर आणि त्याच्याखालून बाहेर पडलात. आणि परत — काका, मला हसू पण येऊन राहिलं आणि रडू पण, तुम्ही दोन्हीकडं दुर्लक्ष करा. मी अशीच आहे. उटीला सिस्टर म्हणायच्या, समीक्षा, एका वेळी एकच.

थांबा, एक आहे. मोबाईलमध्ये. रजिस्टरचं दुसरं पान. मी हे तुम्हाला रविवारी मांडवात दाखवणार होते, माईकवर, मोठा प्रसंग करून. नको. आत्ताच बघा. सभासदांची यादी. फादरांच्या अक्षरात. नंबर एक. वाचता येत नाही? चष्मा लावूनही? उन्हात दिसत नाही, इकडं सावलीत — बारीक आहे अक्षर. बरं, मी सांगते, माझ्यावर विश्वास ठेवा. नंबर एक, बजरंग. तुमचं नाव पहिलं. डॉक्टर पंचाक्षरी चौथे आहेत, त्यांना मी अजून सांगितलं नाही, त्यांचं सूप कडू होईल. आणि पुढं हजेरीचे रकाने. सत्त्याहत्तर, गैरहजर. अठ्ठ्याहत्तर, गैरहजर. असं अकरा वर्षं. दर वर्षी फादर तुमचं नाव पुकारत होते, काका, पहिलंच नाव तुमचं, आणि आत बसलेल्या कुणीच त्यांना सांगितलं नाही की तो बाहेर का आहे. सत्त्याऐंशीला त्यांची बदली झाली. त्या वर्षी गैरहजरच्या पुढं एक ओळ लिहिलीये. मराठीत सांगते. ‘यानं आपला बोर्ड रंगवला. फार लाजतो, वाटतं.’

लाजतो.

तुम्ही काही म्हणू नका. मीही नाही म्हणत. म्हणजे मला गप्प बसता येत नाही, तुम्हाला कळलंच असेल, पण प्रयत्न करते.

…फक्त एवढंच की कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. कुणी तुम्हाला काढलं नव्हतं. तुम्ही येणार रविवारी? तुम्ही आलात की साखराबाई येतील, त्या आल्या की जिनिंगवाले, ऑक्टोबरची टीम, सगळे. आणि नवा बोर्ड तुम्हीच रंगवायचा, फ्लेक्स नको, मराठीत, ‘माजी विद्यार्थी संघ’, सोपं, त्यात गिळण्यासारखं काही नाही. काय? नापास शब्द जाईल म्हणून वाईट वाटतंय? मला कळतं ते. लोकांना वाटेल, बरं झालं, लाजिरवाणा शब्द गेला. मला नाही वाटत लाजिरवाणा. मी खरं सांगू, मी ते तुमच्या सभेचं ऐकलं ना — की दर वर्षी प्रत्येकानं उभं राहून आपले मार्क मोठ्यानं वाचायचे, गणित सात, इंग्रजी अकरा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या — ते ऐकून मी घरी जाऊन रात्रभर हाच विचार करत होते की असं आमच्याकडं कुणी उभं राहिलं असतं तर. दिल्लीत निकाल मोबाईलवर लागतो काका. फाटकच नसतं. उभं कुणी कुठं राहणार. मेट्रोत उभ्या उभ्या लागतो, पुढचं स्टेशन येतं, लोक उतरतात, दुसरे चढतात, आणि तुम्ही तिथंच दांडा धरून, आणि कुणी भजी घेऊन येत नाही, कुणी म्हणत नाही की —

नाही, माझं नाही. एका मैत्रिणीचं.

असं बघू नका ना.

बरं, माझं. झालं? एम.ए.चं शेवटचं सेमिस्टर. प्रबंध नाकारला. तोंडी परीक्षेत मला एक प्रश्न विचारला आणि मी बोलतच सुटले, बोलतच सुटले, तुम्ही बघून राहिलाच आहात मी कशी बोलते, आणि ते म्हणाले, तुमच्याकडं उत्साह आहे पण पुरावा नाही. शंभरातले एकतीस. इतिहासात. आणि बघा, गावात येऊन दोन महिन्यांत कपाटातून एका ‘ट’चा पुरावा काढला की नाही मी? काढला ना? मग. …गावासाठी आले हे खोटं नाही, काका. पण आधी ते झालं आणि मग मला गाव आठवलं. हा क्रम मी पुस्तिकेत नाही लिहिला.

घरी? घरी नाही सांगितलं. कसं सांगू, बाबांनी रेल्वेच्या ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन सांगितलंय की पोरगी एम.ए. झाली, दिल्लीहून. नरसिंगबाबांच्या फोटोला हार घातला. मी म्हटलं निकाल राखून ठेवलाय. राखून म्हणजे मीच राखून ठेवलाय. रविवारी कार्यक्रम झाला की सांगणार आहे, सगळं नीट पार पडलं की त्या आनंदात — काय म्हणालात?

तुम्ही बोललात. ब्रश काढून बोललात. पुन्हा म्हणा.

“घरी सांग. आज. रविवार कशाला लागतोय?”

काका, हे तुम्ही म्हणताय? तुम्हाला एकोणपन्नास वर्षं लागली आणि मला रविवारपर्यंत पण नाही? …नाही, तसं नाही म्हणायचं होतं मला. म्हणजे तसंच म्हणायचं होतं. चिडलात? चिडला नाहीत. मग चपला का शोधून राहिलात? चहा सांगायचा असेल तर मला नको, मी सकाळपासून सात प्यायलेत. त्या पत्र्याच्या मागं आहे एक, दुसरी माझ्या पायाखाली, ही घ्या. कुठं निघालात? रजिस्टर? ते फादरांच्या ऑफिसात आहे, शाळेत, आतमध्ये — मी रविवारी बाहेर आणते ना तुमच्यासाठी, मांडवात, किंवा उद्या इथं दुकानात आणून — काका, आज बुधवार आहे. शाळा चालू आहे. पोरं आहेत आत. शर्टाला निळा रंग लागलाय तुमच्या. अहो बजरंगकाका, ही नंबरप्लेट पुरी व्हायची आहे, सात आकडा अर्धाच आहे तुमचा — दुकान उघडं आहे —

ऐकतच नाहीत.

कोपऱ्यावरून उजवीकडं वळले तर घरी. डावीकडं वळले तर शाळा. मी बघणार नाही. बघते. थांबलेत. कुणाशी तरी बोलतायत, दूधवाला आहे. चला ना, दूधवाले दादा, सोडा त्यांना. …शर्ट खोचून राहिलेत. पासष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात, शर्ट खोचतायत —

डावीकडं.

हां? कोण? नाही दादा, मी दुकानातली नाही, मी पाहुणी. ट्रॅक्टरवर नाव टाकायचंय? आज नाही होणार. पेंटर नाहीत. अहो, घरी नाही, घरी जाऊन काय कराल, शाळेत गेलेत. हाव, शाळेत, फादरच्या. कधी सुटेल ते मला काय माहीत, आज पहिलाच दिवस आहे त्यांचा. उद्या या. आणि जरा बाजूला उभे राहा ना, रेंज नाही इथं, मला फोन लावायचाय — हॅलो. हां, बाबा. काही नाही, उमरीतच आहे. तुम्ही ऑफिसात आहात का? उभे आहात का बसलेत? …बसा आधी.